कार्डाची मागची बाजू

फोन ठेवला तेव्हा कार्डबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पलीकडे होती काल ट्रक उलटून ठार झालेल्या एका लष्करी ड्रायव्हरची वहिनी, त्याच्या बायकोची थोरली जाऊ. बोलत कसली, किंचाळतच होती.

"तुमच्या नव्या ऑफिसनं तिलाच फोन केला! घरी एकटी होती. तिला फिट येतात, ठाऊक होतं ना तुम्हाला? जिन्यावरनं खाली पडलेली सापडली मला. अजून शुद्धीवर नाही. मी भाऊजींकरवी बजावलं होतं, आधी मला कळवा. तुम्ही लिहून घेतलं होतंत, बाई!"

"घेतलं होतं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

एकतीस वर्षं त्या लिहूनच घेत आल्या होत्या. लष्कराच्या या कमांडमध्ये नवा शिपाई आला की आधी त्यांच्या टेबलाशी उभा राहायचा. नाव, नंबर, जवळचा नातेवाईक, पत्ता हे सगळं कार्डाच्या पुढे टाइप व्हायचं. मग बाई कार्ड उलटं करायच्या आणि पेन्सिल उचलायच्या. "काही बरंवाईट कळवायची वेळ आली, तर घरी कसं कळवू?" पोरं आधी हसायची. एक म्हणाला होता, "आईला सांगायला जाऊ नका, ती तुम्हालाच जेवायला बसवेल." मग हळूहळू खरं सांगायची. वडिलांचं हृदय नाजूक आहे. भावाशी बोलणं नाही, मामाला न्या. पेन्सिलच, कारण घरं बदलतात. माणसं भांडतात, मरतात, पुन्हा गोड होतात. दोन लढायांत आणि एका महापुरात सांगणारी माणसं आधी कार्डाची पाठ वाचून मगच दारात उभी राहिली होती. हे कर म्हणून कुणी हुकूम काढला नव्हता. म्हणूनच ते कुठल्या नियमातही नव्हतं.

मग सरकारची ती फेरआढावा समिती आली. तीन कमांडची एक झाली. भिंतीवर दोरीवर वाळत घातल्यासारख्या चौकोनांचा तक्ता लागला. बाईंच्या खोलीचं काम सहाशे किलोमीटरवरच्या नव्या ऑफिसच्या चौकोनात गेलं. यंत्रानं कार्डांचे पुढून फोटो काढले. "आणि मागचं?" त्यांनी विचारलं होतं. "फॉर्ममध्ये रकाना नाही," उत्तर आलं. निवृत्ती तोंडावर आली होती, वाद नको वाटला. 'संपूर्ण माहिती हस्तांतरित' या दाखल्यावर त्यांनी सही ठोकली.

आता खाली ट्रक उभा होता. कार्डांचे खण लगद्याच्या कारखान्यात निघाले होते.

बाई दार न वाजवताच पुनर्रचनेच्या कर्नलसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला, पण हात तक्त्याकडे गेला.

"दुर्दैवी आहे. पण कळवणं हे या चौकोनाचं काम. नाही, थांबा, हे कल्याण शाखेकडे गेलंय…"

"कुणाचं काम ते तुम्हालाच शोधावं लागतंय, साहेब! आणि फोन करणाऱ्यानं तरी कुठून शोधायचं? त्याच्यापुढे नाव आणि नंबर. त्यानं केला फोन. त्याला मी कशाला शिव्या देऊ?"

"आवाज खाली घ्या, बाई."

"एकतीस वर्षं खालीच होता. चार हजार कार्डं आहेत खाली. चार हजार घरं. ट्रक थांबवा."

"नाही थांबवता येत. तुमचाच दाखला आहे, काही राहिलेलं नाही म्हणून. तो आहे तोवर माझे हात बांधलेले आहेत."

राग आता नेमका कुणाचा आलाय ते बाईंना कळलं, आणि त्यानं तो आणखीच भडकला. साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद त्यांनी पुढे ओढला.

'मी दिलेला दाखला खोटा आहे. कार्डांच्या मागची माहिती हस्तांतरित झालेली नाही. हे मला सही करताना माहीत होतं.'

साहेबांनी उलटं वाचलं. "वेड लागलंय का? चौकशी लागेल. पाच आठवडे राहिलेत तुमचे. निरोप समारंभाऐवजी आरोपपत्र हातात पडेल."

"पडू दे. तिथे ती बाई बेशुद्ध पडलीय, आणि मी इथे हार घालून घेऊ?" त्यांनी सही केली, तारीख घातली. "आवक शिक्का मारा. आणि मला पोच द्या."

साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवला. मग त्यांनी शिक्का मारला आणि फोन उचलला. "ट्रक सोडू नका. माल परत वर घ्या." बाईंकडे न बघता ते म्हणाले, "मागचं सगळं उतरवायला महिना लागेल."

"पाच आठवडे आहेत माझ्याकडे," बाई म्हणाल्या आणि पोच घेऊन जिना उतरल्या.

खाली हवालदार आणि त्याची माणसं खण पुन्हा उतरवत होती. हवालदार जवळ आला, घसा खाकरला. "बाई, माझ्या कार्डाच्या मागे काय लिहिलंय हो?"

"तुला रे कशाला हवंय? ते तुझ्या घरच्यांसाठी आहे," बाई खेकसल्या. "खण नीट धर. वाकडा झाला तर क्रम बिघडेल."