पहिल्या पसंतीचं कॉलेज

बी.एस्सी. नर्सिंगचा पसंतीक्रम लॉक करायची मुदत पाचपर्यंत होती, आणि दुपारचे तीन वाजले तरी दुर्वाचं घोडं दोन नावांपाशी अडलेलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते काही उगीच नाही.

महाराजपूरकडचं खाजगी कॉलेज ती आदल्या दिवशी पाहून आली होती. काचेची इमारत, गुळगुळीत फरशी, आणि वॉर्डात तीस खाटा, तीसच्या तीस रिकाम्या. एका चादरीला सुरकुती नाही. पेशंट कुठे आहेत म्हणून विचारलं, तर चौकीदार हसला. "जाँच वाले आते हैं न दीदी, तब लेट जाते हैं लोग." जिवंत माणसाला हात न लावता चार वर्षांत नर्स व्हायची ही सोय होती.

दुसरं सरकारी, मोठ्या हॉस्पिटलाला जोडलेलं. तिथे पेशंट ओसंडून वाहत होते. पण त्याच हॉस्पिटलात पाच वर्षांपूर्वी, करोनाच्या लाटेत, तिची आई हेमलता गेली होती, आणि दुर्वाच्या लेखी ती तिथून अजून निघालेलीच नव्हती. शेवटच्या दुपारी आईचा फोन आला होता. तेरा वर्षांच्या दुर्वाने नाव पाहिलं, आदल्या दिवशी फोनवर ऐकलेल्या आईच्या धापेला ती घाबरली, आणि फोन उशीखाली सारला. तो तिथे थरथरत राहिला. आजही बंद फोनवर हात पडला तरी तो थरथरतोय असं तिला वाटे. आईने मग बाबांना लावला असेल, ते बोलले असतील, एवढ्या एका आधारावर पोरगी आजवर झोपत आली होती.

बाबा, म्हणजे श्रीरंग, आज सुट्टी घेऊन शेजारी बसले होते.

"महाराजपूरचं टाक वर."

"बाबा, तिथं पेशंटच नाहीत. पुतळ्याला सुई टोचून काय शिकू?"

"मग नको शिकू. पण आई गेली त्या वॉर्डात काहून जातेस?"

एरवी हा माणूस आवाज चढवत नसे. दुर्वा त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला कशाची भीती वाटून राहिली?"

श्रीरंगांच्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत मोबाइल आत नेता येत नाही. सकाळी गेटवर जमा करायचा, सुटताना घ्यायचा. "त्या दिवशी सुटी झाल्यावर फोन हातात घेतला," ते म्हणाले, "तर तिचे सात मिस्ड कॉल. मी उलट लावला, तर उचलला कोण्या परक्या माणसानं. सगळं आटोपलं होतं." ते जमिनीकडे पाहत राहिले. "तिथली एखादी जुनी सिस्टर सांगेल तुला, तुझी आई नवऱ्याला बोलवून राहिली होती म्हणून. पण तुझ्याशी तर बोलली ना ती? तेवढ्यावरच तर मी जगून राहिलो."

दुर्वाला हो म्हणता आलं असतं. बाबांचा तेवढा आधार शाबूत राहिला असता. पण खोटं तिला बोलवेना.

"मी उचलला नाही, बाबा. भीती वाटली मला."

"अच्छा," श्रीरंग म्हणाले. "म्हणजे कोणाचाच आवाज नाही ऐकला तिनं."

दोघांपैकी कोणी रडलं नाही. आई आता हॉस्पिटलात नव्हती. ती त्या दोघांच्या मध्ये येऊन बसली होती, आणि अजून वाट पाहत होती.

दुर्वाने सरकारी कॉलेज वर घेतलं आणि यादी लॉक केली. बाबांनी अडवलं नाही.

"तिथं पेशंटला घरच्यांशी बोलायचं असलं," त्यांनी विचारलं, "तर नर्स फोन लावून देते का?"

"मी देईन," ती म्हणाली. "कोणी उचलेपर्यंत लावत राहीन."