बिंदूची चौकशी

खोटं बोलणं मंगतायारूला कधी जड गेलं नाही, आणि त्या दिवशी तर ती पुण्यकर्म समजून बोलली.

विजयवाड्याच्या त्या गल्लीची रीतच होती. कुणाच्या मुलीची चौकशी करायला परका माणूस आला की अख्ख्या गल्लीने एका तोंडाने बोलायचं. शेजारच्या सत्यवतीची हिमबिंदू, म्हणजे बिंदू, गुंटूरला दिलेली. नवऱ्याने मारून हाकलली आणि चार वर्षांची लेक लास्या स्वतःकडे ठेवून घेतली. दोन वर्षं झाली, बिंदू आईकडे होती. सत्यवतीने घरोघरी हात जोडून सांगून ठेवलेलं, "पोरीचं पुन्हा कुठे जमलं तर जमू दे. कुणी विचारलं तर लग्नच झालं नाही म्हणा."

आता पहिलं लग्न लपवून दुसरं कसं निभणार होतं, देव जाणे. पण एवढा विचार करतो कोण?

बिंदूला नवरा नकोच होता, तिला लेक हवी होती. कोर्ट म्हणालेलं, आधी पक्की कमाई दाखव, मग मुलीच्या ताब्याचं बघू. पुढची तारीख वीस होती. हैदराबादच्या एका कंपनीने तिला निवडलंही होतं; फक्त अर्जात लिहिलेलं खरं आहे का, ते तपासून घेणार होते. बिंदूने सगळं खरंच लिहिलं होतं: गुंटूरचा पत्ता, तिथल्या दवाखान्यात तीन वर्षं बिलं करायची नोकरी, नवरा, मुलगी.

नोकरीचं मंगतायारूला ठाऊक होतं. त्यासाठी शेजाऱ्यांनाही विचारायला माणूस येतो, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं.

आणि तो आला. चाळिशीचा, घामाघूम, गळ्यात ओळखपत्र.

"हिमबिंदूंबद्दल जरा चौकशी करायची होती, अम्मा."

"या की बाबू, बसा." ती मनातून हरखली. हल्ली लग्न जुळवणारेही गळ्यात कार्ड अडकवून माणसं पाठवतात, हे तिने ऐकलं होतं. तिने कॉफी टाकली.

"इथे किती वर्षं राहतात त्या?"

"जन्मापासून. गल्ली सोडून कुठे गेली नाही पोर."

"मधे पाच-सहा वर्षं गुंटूरला होत्या ना?"

मंगतायारूने कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला. कुणा मेल्याने आधीच याचे कान भरले वाटतं.

"गुंटूर? छे. ती दुसरी कुणी असेल."

"आणि दवाखान्यातली नोकरी?"

"घरात काय कमी होतं म्हणून नोकरी करील? आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकली, बस्स."

"लग्न, मूलबाळ?"

"काहीतरीच काय विचारता, बाबू. मान वर करून कुणाकडे बघितलं नाही तिने."

त्याने सगळं लिहून घेतलं, सही घेतली, फाटकाचा फोटो काढला. अजून सहा घरं करायची होती त्याला. मंगतायारूने जाताना त्याला जबरदस्तीने चकल्या बांधून दिल्या.

दहा दिवसांनी बिंदू येऊन ओट्यावर बसली. लहानपणापासून ती मंगतायारूला पिन्नी म्हणायची, धाकट्या मावशीला म्हणतात तसं.

"पिन्नी, तुमच्याकडे माझी चौकशी करायला कुणी आलं होतं?"

"आलेलं ना. मी अशी तारीफ केली तुझी..."

"तो कंपनीचा माणूस होता." बिंदूचा आवाज अगदी सपाट होता. "दवाखाना वर्षापूर्वीच बंद पडला, तिथे फोन उचलायला कुणी नाही. तुम्हा शेजाऱ्यांच्या शब्दावरच सगळं होतं. ते म्हणतात, माझं दवाखान्यातल्या नोकरीचं पत्र बनावट आहे."

मंगतायारूने कपाळावर हात मारून घेतला.

"मी जाते हैदराबादला. सांगते त्यांना, ही थेरडी खोटं बोलली म्हणून. पाय धरते त्यांचे."

"मीच सांगितलं. म्हटलं, शेजारच्या बाईंचा गैरसमज झालाय, हवं तर माझ्या घरी विचारा. मग त्यांनी अम्माला फोन केला."

"मग?"

"अम्मानेही तेच सांगितलं."

सत्यवती फाटकात येऊन उभी होती. पदर तोंडाशी धरलेला.

"कंपनीचा फोन आहे, कळत होतं गं मला," ती म्हणाली. "पण नवऱ्याने टाकलेल्या बाईला कामावर कोण घेतं? मला वाटलं, चांगलंच सांगावं."

बिंदूने आईकडे पाहिलंही नाही.

"मग कंपनीला कोर्टाचे कागद पाठवले मी. म्हणाले, जागा भरली."

वीस तारखेला मंगतायारू बिंदूसोबत गुंटूरला गेली. न्यायाधीशांनी नोकरीचं पत्र मागितलं, ते नव्हतं. लास्या बापाकडेच राहिली. महिन्यातून एका रविवारी दोन तास भेट, तीही त्याच्या आईसमोर.

परतताना बससाठी उभ्या असताना मंगतायारूला राहवलं नाही.

"शिवी तरी घाल मला. दहा दिवस झाले, एक शब्द वाकडा बोलली नाहीस."

"तुम्ही माझं वाईट करायला गेला असतात तर घातली असती, पिन्नी," बिंदू म्हणाली. "आता कुणाला घालू?"