कंदिलाचं दृश्य

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत जयवंत धुरीला सगळे पिक्चरवाले काका म्हणत. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तर त्याच्याबरोबर लिफ्टमधून दोन मजले जायचं म्हटलं तरी एखाद्या सिनेमाबद्दल ऐकून घ्यावं लागे. बरं, माणूस कंटाळवाणा नव्हता. "हिरो पावसात भिजत असला ना, की त्याच्या मागची भिंत बघा," तो सांगायचा. "भिंत कोरडी असेल तर दिग्दर्शक आळशी." किंवा, "इंटरव्हलनंतरच्या पहिल्या सीनमध्ये महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. अर्धी जनता हातात वडा घेऊन आपली सीट शोधत असते. जुन्या लोकांना हे बरोबर कळायचं." आणि मग हमखास एक सुस्कारा. "पूर्वी आपण पिक्चरला जायचो. आता पिक्चर आपल्याकडे येतो, आणि आपण त्याला थांबवून भाजीला फोडणी देतो."

पण त्याचा खरा जीव शेवटात असे. दिग्दर्शक ओळखायचा तो शेवटावरून, असं त्याचं ठाम मत होतं. आणि शेवटांचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून एकाच सिनेमावर यायची: 'तरीवाला'.

'तरीवाला' कुणालाच माहीत नव्हता. शिवदास कुबल नावाच्या कुणा दिग्दर्शकानं काढलेला हा एकुलता एक सिनेमा. जयवंतनं तो आठ वर्षांचा असताना घाटकोपरच्या 'चंद्रलोक' टॉकीजमध्ये पाहिला होता. टॉकीज केव्हाच पाडलं, तिथे आता टॉवर उभा आहे आणि खाली मोबाईलची दुकानं आहेत. कोकणातल्या एका खाडीवर तर चालवणारा, म्हणजे लोकांना होडीनं या काठावरून त्या काठावर सोडणारा एक माणूस, त्याचा लहान मुलगा आणि आजारी बायको. बायकोला उपचाराला शहरात नेतात. बापलेक रोज काठावर बसून वाट बघतात.

"आणि शेवट!" जयवंत इथं थांबायचा. "तिन्हीसांजा झाल्यायत. पलीकडच्या काठावर एक कंदील हलतो. एवढासा. बाप तर घेऊन निघतो. मुलगा इकडेच. आपणही त्याच्याबरोबर इकडेच. कंदील होडीत चढतो आणि पाण्यावरून हळूहळू आपल्याकडे यायला लागतो. मुलगा 'आये' म्हणून हाक मारतो. आणि संपला पिक्चर! तिचं तोंड दाखवतच नाही. कळलं का? दाखवलंच नाही! दुसरा कुणी असता तर मिठ्या, रडारड, व्हायोलिनं. यानं सगळं आपल्यावर सोडलं."

हे सांगताना त्याचे डोळे दर वेळी भरून येत. ऐकणाऱ्यांनाही आता तो कंदील पाठ झाला होता.

सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, ही कल्पना खालच्या मजल्यावरच्या सुबोध गद्रे यांची. गद्रे कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, इंटरनेटवर तासन्‌तास काहीबाही धुंडाळणारे. एका रविवारी सकाळी त्यांनी जयवंतच्या दाराची बेल वाजवली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"धुरी, बसा आधी. 'तरीवाला' सापडला."

"काय सांगता?"

"कुणीतरी जुन्या प्रिंटवरून उतरवून टाकलाय. चित्र जरा धुरकट आहे, पण पूर्ण आहे. या महिन्याला तोच लावायचा. आणि सुरुवातीला तुम्ही बोलायचं."

जयवंतला त्या आठवड्यात जेवण गोड लागेना. तिकडे हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि इकडे तो आरशासमोर उभा राहून काय बोलायचं ते जुळवत होता. मुलगी प्रांजल म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढे नर्व्हस नव्हता."

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. जयवंत थोडकंच बोलला. शेवटच्या दृश्याला कुणी मोबाईल काढू नका, एवढी विनंती करून तो पहिल्या रांगेत बसला.

सिनेमा सुरू झाला आणि तो सुखावला. सगळं तसंच होतं. होडीच्या टोकाला बांधलेला लाल फडका, मुलाची एका बाजूला फाटलेली चड्डी, काठावरच्या दुकानातला तो तिरळा वाणी. तब्बल पन्नास वर्षांनी भेटलेली माणसं आणि एकही चेहरा तो विसरला नव्हता! मध्यंतराची पाटी आली. पुढचं त्याला जरा नवं वाटलं. बाप शहरात जाऊन येतो, सावकाराशी भांडतो. असेल, लहानपणी लक्षात राहिलं नसेल.

मग शेवट आला. पण तिन्हीसांजा झालेल्याच नव्हत्या. रणरणती दुपार. तर पलीकडून परत येते. होडीत बाप आणि गावातला एक म्हातारा. मधल्या फळीवर एक बोचकं, त्यातून बाहेर आलेला बायकोच्या लुगड्याचा काठ. बाई नाही. मुलगा काठावर शिंपले गोळा करतोय. तो वर बघतो, होडी ओळखतो आणि हसत पाण्याकडे धावत सुटतो. 'समाप्त.'

दिवे लागले. दुसऱ्या मजल्यावरची इरावती कॉलेजात जाणारी, तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, कंदील कुठे गेला?"

"प्रिंट कापली असेल," कुणीतरी म्हणालं.

"दोन शेवट काढले असतील. तेव्हा करायचे तसं," गद्रे घाईनं म्हणाले. चांगला माणूस, सावरून घेत होता.

जयवंतनं मान हलवली, पण त्याला कळत होतं. कापाकापी नव्हती. सिनेमा जिथं संपायचा तिथंच संपला होता.

घरी आल्यावर तो गॅलरीत जाऊन बसला. प्रांजल पाणी घेऊन आली आणि जवळ टेकली.

"बाबा, रागावू नका. तुम्ही तो पूर्ण बघितला होता ना नक्की?"

"म्हणजे काय! तुझ्या आत्याबरोबर, बायबरोबर गेलो होतो. मी, बाय आणि शेजारच्या शेवंतीमावशी. माझी खुर्ची मोडकी होती. मध्यंतरात मावशींनी चिक्की घेऊन दिली..."

तो बोलता बोलता थांबला. चिक्कीपर्यंत सगळं लख्ख होतं. अंधारातली माणसं, पंख्याची घरघर, पुढच्या बाईच्या अंबाड्यातली अबोली. त्यानंतर कंदील. पण कंदील आठवायला गेलं की टॉकीज आठवेना. खुर्ची नाही, पंखा नाही. आठवत होतं ते भटवाडीतल्या त्यांच्या जुन्या खोलीचं पत्र्याचं छप्पर, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी आणि पाठीखाली टोचणारी घोंगडी. कंदील त्यानं आडवं पडून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पवईवरून जाणारी बस पकडली आणि बोरिवलीला बहिणीकडे गेला.

मालन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणापासून तो तिला बाय म्हणायचा. आई गेली तेव्हा बायची शाळा सुटली ती सुटलीच. वडील कुर्ल्याच्या गिरणीत, पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. बायनं घर धरलं, जयवंतला शिकवलं, मग लग्न होऊन बोरिवलीला आली. नवरा गेल्यावर आता मुलगा निलेश आणि सून श्वेता यांच्याजवळ असायची. सगळ्या जगाशी ती मुंबईचं मराठी बोलायची, मालवणी फक्त भावाशी, तीही मधूनमधून.

"काय रे, अवचित कसो इलंस?" तिनं दार उघडत विचारलं. "बरा आसा मां?"

"बरं आहे गं. 'तरीवाला' पिक्चर आठवतो तुला?"

बाय भाजी निवडायला बसली होती, ती पुन्हा चवळीच्या शेंगा मोडायला लागली. "कुठला?"

"चंद्रलोकला बघितलेला. तो होडीवाला. काल बघितला मी परत. त्यात कंदील नाहीये, बाय."

शेंग मोडता मोडता तिचे हात थांबले. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी हसली.

"देवा रे! तुका अजून आठवता ता?"

"आठवतं? अगं, जन्मभर सांगत फिरलो मी लोकांना!"

"मध्यंतरात तुका ताप इल्लो," ती सांगायला लागली. "ओकलास. शेवंतीमावशीनं तुला उचललं आणि घरी नेलं. मी पण निघाले तर तू रडून गोंधळ घातलास. तू बघ म्हणालास, सगळा बघ आणि मला सांग. मग मी एकटीच बसले. घरी आले तर तू घोंगडीवर पडलेला, डोळे तांबारलेले. पहिला प्रश्न काय? त्याची आये आली काय?"

जयवंतनं खुर्ची जवळ ओढली.

"तेव्हा आपली आये हॉस्पिटलात होती," बाय म्हणाली. आता ती हसत नव्हती. "डॉक्टरनं बाबांना आदल्याच दिवशी सांगितलेलं. बाबांनी मला सांगितलं, दुसरं होतं कोण त्यांना? आणि पोरांना जरा बरं वाटू दे म्हणून पिक्चरला धाडलं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक कसला पिक्चर आहे! मग मी तुका काय सांगूचा होता? होडीतून बोचकं आलं म्हणून?"

"म्हणून तू कंदील..."

"सुचलं ते सांगितलं. लाईट गेलेली, समोर कंदीलच होता."

जयवंतनं चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं मनात रुतलेली एक गोष्ट त्याला विचारायचीच होती. "आणि तोंड? तिचं तोंड का नाही दाखवलंस? त्यावर मी लोकांना भाषणं दिलीत, बाय. केवढा दिग्दर्शक, काय त्याचा संयम!"

"कसला संयम रे." ती शेंगांकडे बघत म्हणाली. "होडी काठाला लागली, असं म्हणायला गेले नि गळाच भरून आला. पुढे बोलता येईना. म्हटलं, संपला पिक्चर. झोप."

आत कुकरची शिट्टी झाली. श्वेतानं बाहेर डोकावून मामांना जेवायला थांबायला सांगितलं. जयवंतनं हो म्हटलं. चौदा वर्षांची पोर, पत्र्याच्या खोलीत, जे आपल्याला कळलंय ते धाकट्याला कळू नये म्हणून अंधारात बसून सिनेमा रचत होती. आणि तो मोठा होऊन, शेकडो सिनेमे बघून, प्रत्येक दिग्दर्शकाला त्या मापानं मोजत आला होता. नाव मात्र दुसऱ्याच माणसाचं घेत होता.

"माका दाखव तो," बाय एकदम म्हणाली. "फोनवर येतो मां?"

"रडशील."

"रडेन तर रडेन. तू कोण सांगणार?"

जेवणं झाल्यावर निलेशच्या टॅबवर त्यांनी 'तरीवाला' लावला. बाय पाय वर घेऊन सोफ्यावर बसली, मांडीवर उशी. मध्यंतरापर्यंत तिची बडबड चालू होती. वाणी बघून म्हणाली, "ह्यो मेलो अजून तसोच." होडीचा फडका बघून म्हणाली, असा लाल रंग तेव्हा कुठे मिळत नव्हता. काळ्यापांढऱ्या सिनेमातला फडका दोघांनाही लालच आठवत होता, आणि हे लक्षात आल्यावर दोघंही खो खो हसली.

मध्यंतरानंतर ती बोलायची थांबली. दुपारची तर पाण्यावरून येऊ लागली. बोचकं दिसलं. मुलगा शिंपले टाकून धावला. 'समाप्त.'

बाय रडली नाही. तिनं काळ्या पडद्याकडे बोट केलं.

"बघितलंस? यानंपण पोराला सांगितलं नाही," ती म्हणाली.

जयवंतनं काल हॉलमध्ये हे पाहिलंच नव्हतं. तो कंदील शोधण्यात गुंतला होता. धावणाऱ्या मुलाला अजून काहीच ठाऊक नाही, काठापर्यंतची तेवढी वाट त्याची आहे, आणि ती त्याला पुरती धावू देऊन मगच दिग्दर्शकानं सिनेमा थांबवलाय. त्या शिवदास कुबलवर त्याचा कालपासून राग होता. तो जरा निवळला.

"चांगला केलाय रे," बाय म्हणाली. "तेव्हा मला त्याची चीड आली होती. वाटलेलं, याला काय जातंय एका बाईला परत आणायला?"

मग तिनं टॅब उलटा करून बाजूला ठेवला. बाहेर दुपार उतरत होती, खालच्या मैदानात पोरं क्रिकेटसाठी गोळा होत होती. जयवंत आठ वर्षांचा होता तेव्हा आई गेली, पण कशी गेली, शेवटी काय बोलली, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. घरात तो विषय तसाच राहून गेला होता.

"बाय, आयेचं काय झालं होतं शेवटी?" त्यानं विचारलं. "खरं सांग. आता ताप नाहीये मला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं, उशी मांडीवरून काढून ठेवली.

"तिका भूक लागलेली," ती म्हणाली. "पेज मागितलीन. मी घरनं डब्यात घेऊन गेले. ती म्हणाली, मीठ विसरलंस गो. आणि हसली..."

बाय सांगत राहिली आणि जयवंत ऐकत राहिला. एरवी दर दोन वाक्यांनी मधे तोंड घालणारा माणूस, पण त्यानं तिला एकदाही थांबवलं नाही. श्वेतानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. सांगताना बायचा गळा दोन-तीनदा भरून आला. ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुढचं सांगू लागली.