मागच्या दारावरचं अभिनंदन

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं एक गोदाम. पुढच्या बाजूला मांडव, खुर्च्या, माईक आणि सत्काराची शाल. मागच्या बाजूला एक लोखंडी दार. त्या दाराच्या फटीतून धूर येऊ लागला.

तो धूर सगळ्यांत आधी मला लागला, कारण त्या दारावर मला बांधलं होतं. मी अभिनंदनाचा बॅनर आहे. पातळ प्लॅस्टिकचा. बिडीची ठिणगी पडली तरी मला भोक पडतं आणि भोकाच्या कडा वितळून गळायला लागतात. तेव्हा माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करू नका. मी त्या दिवशी घाबरलो होतो आणि आजही घाबरलेलाच आहे. ज्यांनी घाबरायला हवं ते मात्र निवांत आहेत, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म धामणकर नाक्यावरच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मागे लूमची खडखड, पुढे "अंजूरफाटा, अंजूरफाटा" अशा रिक्षावाल्यांच्या आरोळ्या. मशीनमधून आधी माझा तिरंगी काठ बाहेर आला, मग 'पूर्णा गावची शान, दिल्लीत मान' ही ओळ, आणि मग कमळाबाई. छातीवर पदक, डोक्यावरून पदर, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी चुकीच्या घरात आणून बसवलंय.

मला करून घेणारा त्यांचा भाचा प्रितेश शेजारीच उभा होता.

"भाऊ, मावशींचा फोटो मोठा घेऊ की तुमचा?" दुकानातल्या कुमारने विचारलं.

"आत्याचाच मोठा घे. येडा झाला काय? पण माझा गॉगलवाला टाक, तो शाळेतला नको."

खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे चेहरे बसले, टपाल तिकिटाएवढे. त्यांत एक चेहरा केसरीनाथचा. हा पूर्ण्याचाच, नात्याने कमळाबाईंचा दीर, आणि धूर आला त्याच गोदामाचा सुपरवायझर. माझ्या अंगावर तो अजूनही हसतोय.

दिल्लीने हा सन्मान कशासाठी दिला, ते माझ्यावर कुठेच लिहिलेलं नाही. 'समाजसेवेबद्दल' एवढा एक शब्द टाकून सगळे मोकळे झाले. ती सेवा काय होती, हे मला नाक्यावर टांगल्यावर कळलं. पॅकिंगला जाणाऱ्या बायका रिक्षाची वाट बघत माझ्याखाली उभ्या राहायच्या आणि बोलायच्या.

काही वर्षांपूर्वी एका गोदामाला आग लागली. कमळाबाईंची शेजारीण हौसा तिथे कामाला होती. ती मागच्या दारापाशी सापडली, आतल्या बाजूला. दाराला बाहेरून कुलूप होतं. मागून माल चोरीला जातो म्हणून लावलेलं. चोराच्या भीतीने माणसं कोंडायची, हा आपल्याकडचा जुना हिशेब.

कमळाबाईंनी मोर्चा काढला नाही, भाषण केलं नाही. त्या दर मंगळवारी गोदामांकडे जायला लागल्या. चहाच्या सुट्टीला कामावरच्या सगळ्या बायकांना उठवायचं आणि मागच्या दाराने बाहेर काढायचं. चहा बाहेर. पुन्हा आत यायचं तेही त्याच दाराने. दार उघडत नसेल तर उघडेपर्यंत चहा नाही आणि कामही नाही. मालकांनी हाकललं, वॉचमननी ढकललं, गावातल्यांनी येडी म्हटलं. पण ज्या दारातून दर आठवड्याला बायका चहाला जातात, त्या दाराला कुलूप लावणं अवघड होऊन बसतं. बायका त्यांना 'दारवाली मावशी' म्हणायला लागल्या.

एके दिवशी त्या स्वतः नाक्यावर आल्या. माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि प्रितेशला बोलावून घेतलं.

"हे खाली उतरव."

"का गं आत्या? किती झकास दिसतेस. सगळा नाका तुला बघतोय."

"मला बघून काय करायचं हाय? सिग्नल झाकलास तू. लोकांना सिग्नल बघू दे."

प्रितेश हसला. मी आणखी काही दिवस सिग्नलवरच राहिलो.

मग सत्कार सुरू झाले. शाळांचे, पतपेढीचे, मंडळांचे, कुणाच्या हळदीत, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला. प्रितेश मला गुंडाळून गाडीत टाकायचा आणि आत्याला पुढच्या सीटवर बसवायचा. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडाजवळ एक कार्यक्रम झाला, तिथेही मी होतो. ज्यांनी त्यांना गेटवरून हाकललं होतं, तेच आता पुष्पगुच्छ घेऊन उभे. प्रत्येक व्यासपीठावर कमळाबाई शेजारच्याला हळूच विचारायच्या, "आज वार कोणता?" पुष्कळदा तो मंगळवार असायचा.

सन्मानाने असंही काम बंद पाडता येतं, हे मी टांगल्या टांगल्या शिकलो. हाकलून जे जमलं नव्हतं, ते हारांनी जमवलं.

माझे कोपरे फाटायला लागले तेव्हा केसरीनाथ म्हणाला, "फेकू नको रे प्रितेश. मागच्या दाराच्या फटीतून धूळ येते, मालावर बसते. तिथं बांधतो. वयनींचा मान पण राहील."

अशी माझी बदली दारावर झाली. तोंड बाहेर, बाभळीच्या झुडपांकडे. पाठ दाराला टेकलेली, वरचे कोपरे चौकटीला बांधलेले, खालची कड मोकळी. सुरुवातीला आतून पूर्वी नावाच्या एका मुलीचा आवाज यायचा. ती पॅकिंगमधली पोर, कमळाबाईंच्या हाताखाली तयार झालेली. मंगळवारी ती एकटीच बायकांना उठवायची. दार सरकायचं, मी फुगायचो, बायका मला बाजूला सारून चहाला यायच्या. "मावशी, जरा सरका," म्हणून एखादी माझ्या फोटोला चिमटाही काढायची.

मग एका दुपारी कुणीतरी माझी खालची कड उचलली. पाठीला काहीतरी गार, जड लागलं. खट्ट असा आवाज झाला. कड पुन्हा खाली सोडली. माझं तोंड झुडपांकडे होतं. तो हात मला दिसला नाही.

त्यानंतर दार सरकलं नाही. पूर्वीला मात्र सांगितलं गेलं की सुरक्षा सप्ताह आहे, दिल्लीवाल्या मावशीच येणार आहेत, तोवर धीर धर.

त्या मंगळवारी कमळाबाई खरंच आल्या. मांडव पुढे होता, पण माईक चालू होता आणि त्याचा एक भोंगा मागच्या बाजूला लावला होता. सगळं मला ऐकू येत होतं.

"भावजी, मागचं दार उघडं हाय ना?"

"वयनी, तुमचा फोटो लावलाय तिथं! बंद ठेवायची कोणाची टाप हाय?"

"मी एकदा बघून येते."

"आत्या, बस गं," प्रितेश म्हणाला. "पाहुणे आलेत, शाल घालायचीय. दार कुठं पळून जातंय?"

त्या बसल्या. टाळ्या झाल्या.

आत गोदामाच्या मधल्या भागात स्कॅनरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. आग तिथून सुरू झाली. तिच्या पुढच्या बाजूला होते ते मांडवात पळाले. मागच्या बाजूला पूर्वी आणि पॅकिंगच्या बायका होत्या. त्या गोंधळल्या नाहीत, किंचाळत इकडेतिकडे धावल्या नाहीत. शिकवलं होतं तशा एकामागे एक सरळ मागच्या दाराकडे आल्या. कमळाबाईंवर त्यांचा तेवढा विश्वास होता. आणि त्या विश्वासाने त्यांना कुलपापाशी आणून उभं केलं.

दारावर तळहात आपटायला लागले. प्रत्येक थाप माझ्या पाठीत बसत होती. "मावशी! दार!" पूर्वी ओरडत होती. मग खोकला. मग थापा कमी झाल्या. पत्रा तापला, माझी पाठ चिकटायला लागली. आता मी पेटणार आणि वितळून या बायकांच्या वाटेवर पडणार, एवढंच माझ्या मनात होतं. ती भीती मला नीट सांगताही येणार नाही.

कमळाबाई गोदामाला वळसा घालून धावत आल्या, शाल अजून खांद्यावर. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे स्वतःच्याच हसऱ्या फोटोकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी मला मधोमध फाडलं. मागे कुलूप होतं.

"भावजी, चावी!"

"माझ्याकडं न्हाय, वयनी. देवाशपथ न्हाय!"

"मग कोणाकडं हाय? तुझं दार, तुझं गोदाम, चावी कोणाकडं हाय?"

कमळाबाईंनी दगड उचलला आणि कुलपावर घालायला लागल्या. कुलूप हललं नाही. तेवढ्यात माल उतरवायला आलेला एक ट्रक ड्रायव्हर चाक खोलायची टॉमी घेऊन धावत आला.

"मौसी, हटो! हाथ कट जाएगा!"

त्याने टॉमी कडीत घातली आणि सगळं वजन टाकलं. कडी तुटली. धुराबरोबर बायका बाहेर कोसळल्या. शेवटी पूर्वी आली, सगळ्यांना पुढे काढून. बाहेर आल्यावर तिने कमळाबाईंकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेली, आणि आवाजच निघाला नाही.

पूर्वी अजून इस्पितळात आहे. जीव वाचला, आवाज परत येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. कमळाबाई तिच्या उशाशी बसून असतात. सत्काराचे निरोप येतात तेव्हा त्या फोन घेत नाहीत.

माझी गोष्ट थोडीच राहिली. पंचनामा झाला, तेव्हा मला गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. कुलूप नवं कोरं होतं, दुकानाचं लेबलही त्यावर तसंच होतं. केसरीनाथ म्हणतो, आपण लावलं नाही. मालक म्हणतात, वॉचमनला विचारा. वॉचमन म्हणतो, आपण पुढच्या गेटला असतो. पंचनामा संपल्यावर मला समोरच्या झुडपांत फेकून दिलं. वाऱ्याने मी उलगडलो. अर्धी कमळाबाई इकडे, अर्धी तिकडे, आणि शुभेच्छुकांची ओळ शाबूत.

वाचणाऱ्यांनो, कुणाचा सन्मान कराल तर जरूर करा. पण त्याआधी त्या माणसाचं काम चालू आहे का, तेवढं मागे जाऊन बघून या. आणि कमळाबाई, माझं ऐकू येत असेल तर, उद्या मंगळवार आहे.

या झुडपांतून पहिल्यांदाच माझं तोंड दाराकडे आहे. गोदाम परवा पुन्हा सुरू झालं. आत नव्या बायका पॅकिंगला आल्या आहेत. दाराला नवी कडी बसली आहे. कडीत कुलूप आहे.