विश्रांती दिलेली माणसं

त्या क्लबात कुणालाही काढून टाकत नसत. 'काढणं' हा शब्दच तिथे चालत नसे. खेळाडू नकोसा झाला की त्याला 'विश्रांती' देत. ही रीत नव्या मॅनेजरसाहेबांनी आणली होती. आधीचे मॅनेजर खेळाडूला तोंडावर चार शिव्या हासडून बाहेरचा रस्ता दाखवायचे. सभ्यपणा क्लबात अलीकडेच आला होता आणि तो अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडला नव्हता.

हरणीच्या मात्र लगेच पडला. ती क्रीडा व्यवस्थापनात एम. ए. करत होती आणि शेवटच्या सत्राचं काम शिकायला फुटबॉलच्या या क्लबात आली होती. हरणी हे तिचं घरातलं नाव. शाळेत ती चारशे मीटर अशी पळायची की मागच्या मुलींचे चेहरे तिला बक्षीस समारंभातच दिसायचे, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पुढे उजव्या गुडघ्याने दगा दिला आणि पळणं थांबलं, नाव तेवढं राहिलं. गुडघा बरा होईपर्यंत मैदानाच्या आसपास तरी असावं, एवढ्यासाठी तिने हा अभ्यासक्रम धरला होता. मुलाखतीत ती हे सांगत नसे. तिथे ती खेळ आणि व्यवसाय यांची सांगड वगैरे बोलायची. घरी वडील दर रविवारी तिचे स्पाइक्स काढून, खिळ्यांना तेल लावून, पुसून ठेवायचे. त्या बुटांवर घरात कुणी चेष्टा करत नसे.

क्लबाचं ऑफिस प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होतं. छत तिरकं, त्यामुळे हरणीचं टेबल जिथे होतं तिथे उठताना डोकं आपटायचं. ओल्या टॉवेलांचा आणि मलमाचा वास भिंतींत मुरलेला. कायमची जागा एकच रिकामी होती आणि ती हरणीला हवी होती. वर्गातली निम्मी मुलं अजून अर्जच खरडत होती.

"एक नाजूक काम आहे," मॅनेजरसाहेब एके दिवशी म्हणाले. "भिंतला विश्रांती द्यायचीय."

भिंत म्हणजे क्लबाचा जुना गोलकीपर. लोक त्याच्या नावाचा गजर करून घसा बसवून घ्यायचे. त्याचा खांदा दुखत होता, वयही झालं होतं, आणि नवा गोलकीपर ठरलासुद्धा होता.

"मोसमाची तिकिटं विकली जाईपर्यंत बाहेर कळता कामा नये," साहेब म्हणाले. "त्यालाही नको. कळलं तर तो बोलेल, आणि लोक त्याचं ऐकतील. गोड बोलून त्याला घरी बसव. हे नीट पार पाड, मग तुझ्या जागेचं बघतो."

हरणीला संवादकौशल्यात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. तिने भिंतला बोलावून क्लबाने त्याला विश्रांती दिल्याचं सांगितलं. तो नाराज होईल, वाद घालेल, या तयारीने ती बसली होती. त्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं ग," तो म्हणाला. "खांद्याचं मी कुणाला बोललो नव्हतो. साहेबांच्या लक्षात आलं म्हणजे बघ. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं मला."

त्याने शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणेच घेतला होता. करार संपत आला होता हे त्याला माहीत होतं, पण तो दरवर्षीच संपायचा आणि पुन्हा व्हायचा. त्याचा गैरसमज हरणीच्या लक्षात आला. तरी ती म्हणाली, "काळजी घ्या, दादा."

मग तो फोन करू लागला. खांदा शेकतोय. आता हात वर जातोय. येऊ का? दर वेळी ती म्हणायची, अजून थोडे दिवस. तिला या कामाची किळस यायची, आणि ती ते फार छान करायची. नव्या गोलकीपरचे फोटो काढले गेले त्या दिवशी भिंत घरी खांदा शेकत बसला होता. साहेब खूश झाले. जागा हरणीची झाली.

ती घरी आली तेव्हा वडील स्पाइक्स पुसत होते. तिने बातमी सांगितली. त्यांचे डोळे भरून आले, आणि मग त्यांनी विचारलं, "गुडघा बरा झाला की सरावाला सुट्टी देतील ना ते?"

हरणी खुर्चीत बसली. भिंतला फोनवर ती जे म्हणायची ते तिने आधी कुठे ऐकलं होतं, हे तिला तेव्हा आठवलं. "अजून थोडे दिवस," तिचे पळण्याचे कोच सर म्हणायचे. आणि त्याच्याही आधी, मैदानाच्या कडेला, तिच्या खांद्यावर हात ठेवून: "तुला जरा विश्रांती देतोय, बेटा."

"बाबा," ती म्हणाली, "सरांनी मला विश्रांती दिली होती, की काढलं होतं?"

वडिलांनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"काढलं होतं," ते म्हणाले. "गुडघा पुन्हा पळण्याजोगा होणार नाही असं डॉक्टरही म्हणाले होते. सर म्हणाले, तिला तुम्हीच सांगा. मी रोज ठरवायचो. तू मांडीला पट्टा बांधून व्यायाम करत बसायचीस, आणि माझी जीभच रेटायची नाही."

एवढी वर्षं तिने त्या गुडघ्याची वाट बघितली होती. वडील तिच्याकडे न बघता उठले आणि स्पाइक्स कपाटात, अगदी मागे, ठेवून आले. दोघंही जेवली नाहीत.

सकाळी ती ऑफिसला निघाली ती ठरवूनच. भिंतला स्वच्छ सांगायचं. जागा गेली तर गेली.

तो फाटकाशीच उभा होता. काखेत हातमोज्यांची पिशवी. कार्ड पुन्हा पुन्हा यंत्राला लावत होता आणि लाल दिवा लागत होता. कार्ड आदल्या दिवशी तिनेच बंद केलं होतं.

"बिघडलंय वाटतं," तो म्हणाला. "बघ ग जरा. आणि हे बघ." त्याने हात सरळ डोक्यावर नेला. ओठ आवळलेले होते, पण हात गेला. "पोरगी घरी चेंडू मारते, मी अडवतो. एक काच फुटली, म्हणून बायको म्हणाली, आता क्लबातच जा."

वाक्य हरणीच्या ओठांवर होतं. दादा, तुम्हाला काढलंय. एवढंच म्हणायचं होतं. तो हात खाली न आणता तिच्याकडे बघत उभा होता.

"अजून थोडी विश्रांती घ्या, दादा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर घेतो." हात हळूच खाली आणून, पिशवी सावरत तो गेला.

संध्याकाळी घरी वडील खिडकीशी नुसतेच बसले होते. हरणीने कपाट उघडलं, मागे हात घालून स्पाइक्स काढले आणि फडक्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवले.

"काल अर्धवट राहिले होते, बाबा," ती म्हणाली.