काजळदेशाचा राजा झोपत नाही

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ पडून राहता येत नाही. मला पसरले की माझे चारही कोपरे आपोआप वर वळतात. एकावर अडकित्ता, दुसऱ्यावर मेतकुटाची बरणी, तिसऱ्यावर जाडजूड शब्दकोश, चौथ्यावर कुणाचे तरी कोपर, एवढा बंदोबस्त झाल्याशिवाय मी कधी कुणाला धड दिसलो नाही. मला भूगोलाच्या पुस्तकात शोधू नका. मी ज्याचा नकाशा आहे, तो देशच मुळी कुठे नाही.

माझा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यात झाला, तोही पंपाचे चित्र म्हणून. पुढे पंप बदलला आणि माझ्या तोंडावर ‘रद्द’ असा शिक्का बसला. रद्दीत जायचो, पण तिथल्या ड्रॉइंग ऑफिसातले हेमचंद्र मला गुंडाळी करून बदलापुरात, मांजर्लीला घरी घेऊन आले. माझी पाठ कोरी होती आणि हेमचंद्रांना कोरा कागद दिसला की हात शिवशिवत.

त्याच सुमारास उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना तीन इंग्रजी कादंबऱ्या मिळाल्या. कव्हरे फाटलेली, कथा एका अंधाऱ्या मुलखाची. सोबत त्या मुलखात खेळायच्या खेळाचे पातळसे पुस्तकही होते. चौथा भाग मात्र नव्हता. “साईं, तीन ले जाओ,” रद्दीवाला म्हणाला, “चौथा आप खुद सोच लेना.”

त्या मुलखाचे नाव हेमचंद्रांनी काजळदेश ठेवले आणि तो माझ्या पाठीवर काढला. राखेची वेस, मुक्यांचे जंगल, विव्हळगड. त्या गडावरच्या राजाला शंभर वर्षे झोप नाही आणि तो झोपेपर्यंत देशात सूर्य उगवायचा नाही. राजा कशाने झोपतो, ते चौथ्या भागात असणार. म्हणजे माझी कथा अर्धवटच राहिली. माझी सगळी तळमळ तिथली आहे.

खेळ बसल्या जागी चाले. हेमचंद्र गोष्ट सांगत, बाकीच्यांनी आपण काय करतो ते बोलायचे, आणि जमले की फसले ते फाशाने ठरवायचे. वीस बाजूंचा फासा त्यांनी नायलॉनच्या तुकड्यातून घासून काढला होता. तो सातावर जरा जास्तच पडे. त्यांची मुलगी मीनल कायम तलवारवाली. त्यांच्या पत्नी मालिनी आधी नुसत्या हसत. “सूर्य नाही, तर तिथल्या बायका पापड कुठे वाळवतात हो?” असे त्यांनी विचारले आणि दुसऱ्या रविवारी त्याच चेटकीण होऊन खेळायला बसल्या.

आणि नवसी. ही मीनलच्या वर्गातली. तिचा पाडा हेदटेंभी, बारवी धरणाकडच्या डोंगरात. शाळेसाठी ती बदलापुरात मावशीकडे राही आणि रविवारी आमच्याकडे येई. खेळात ती वाटाड्या होती. पहिल्याच दिवशी माझ्यावर वाकून ती म्हणाली, “काका, ह्यो ओढा टेकडी चढतोय. ओढा असा चढत नाय.” मी शरमलो. हेमचंद्र मात्र खूश झाले.

कारण त्यांना चूक दाखवलेली आवडे. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी माझ्याही खालच्या कोपऱ्यात फेरबदलाचा तक्ता आखला होता: आकडा, तारीख, काय बदलले, सही. जुने काही खोडरबराने पुसायचे नाही. त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते. “काय होतं ते कळलं नाही, तर काय बदललं ते कसं कळणार?” असे ते म्हणत. चौथा फेरबदल नवसीच्या सहीचा आहे: ओढा खाली उतरवला.

दोन-तीन वर्षे माझे फार कौतुक झाले. मालिनीकाकू तर पाहुण्यांना चहाआधी मला दाखवत. मग तो रविवार आला.

राजाच्या गडाभोवती तळे हवे, असे हेमचंद्रांच्या मनाने घेतले. त्यांनी निळ्या रंगात कुंचला बुडवला आणि गडाखालच्या खोऱ्यावर सरळ फिरवला. खोऱ्यात तीन पाडे होते. तिन्ही निळ्याखाली गेले. ना रेघ, ना नोंद.

“काका, त्या पाड्यांत माणसं व्हती,” नवसी म्हणाली.

“अगं, गोष्टीची गरज आहे. गडाला तळं शोभून दिसेल.”

“त्यांना इचारलंत?”

हेमचंद्र हसले. मित्रांनो, तेव्हा मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. नवसीने फासा माझ्यावर ठेवला, चपला घातल्या आणि ती गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी कपाटावर जाऊन पडलो. धूळ खाल्ली, उंदराने एक कोपरा चाखून पाहिला. खाली हेमचंद्र घरभर फिरताना ऐकू येई. शेवटी मीनलच बोलली.

“बाबा, हेदटेंभी गेल्या महिन्यात, तुमच्या तळ्याच्या आधीच, पाण्याखाली गेली. धरणाची भिंत उंच झाली ना. तिच्या वडलांना नव्या जागी झोपच लागत नाही. रात्रभर बसून असतात.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

मालिनीकाकूंनी कपाटावरून मला काढले, फडक्याने पुसले आणि नवऱ्याच्या हातात दिले. “त्या राजासारख्या येरझाऱ्या घालू नका. जा आणि भेटून या.”

एस. टी.तून उतरून हेमचंद्र आणि मी हेदटेंभीकरांच्या नव्या वसाहतीत पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. सारख्या मापाचे प्लॉट, पत्र्याची छपरे, सावलीला एक झाड नाही. नवसीचा बाप गोमा जुन्या घराच्या छपराचे लाकडी आढे तेवढे काढून घेऊन आला होता. ते दारात आडवे टाकून तो त्याच्यावरच बसला होता. डोळे लाल. नवसी आतून आली आणि दाराशीच थांबली.

“नवसी, माझं चुकलं,” हेमचंद्र म्हणाले. “न विचारता रंग दिला. नोंदसुद्धा केली नाही.”

“सायब, कागदावरलं पाणी त्ये,” गोमा म्हणाला. “त्याचं काय येवढं?”

“कागदावर तरी विचारायला हवं होतं, गोमाभाऊ.” त्यांनी मला जमिनीवर पसरले, त्या निळ्या डागाशी बसले आणि पांढऱ्या शाईचे पेन काढले. “तुमचं घर कुठं धरू?”

 गोमा आढ्यावरून उतरला आणि त्याने माझ्यावर बोट टेकवले. “हितं हेदाचं झाड. त्याच्या खालती आमी.”

एकदा बोट फिरायला लागले ते थांबेना. गावदेवाचा दगड, पाणवठा, चांगोचे खळे, ठमीच्या शेळ्यांचा कुडाचा गोठा. हेमचंद्र विचारत, अंतर पावलांत मोजून घेत आणि निळ्यावर पांढरी रेघ ओढत. “बाबा, बाळीआत्याचं घर खालच्या अंगाला,” नवसीला राहवले नाही. “अगो, वरच्या! खालती तिचा मांडव,” गोमा म्हणाला आणि त्या घरात पहिल्यांदा कुणी हसले. दोन तासांत अख्खी हेदटेंभी काजळदेशाच्या तळ्यावर वर आली.

“आता ह्यो पाडा मिटंल का?” गोमाने विचारले.

“नाही. पक्की शाई आहे.”

गोमाने मान हलवली. आढ्याला पाठ टेकली, एक हात माझ्या वळलेल्या कोपऱ्यावर ठेवला आणि बघता बघता तो घोरू लागला. भर दुपारी, दारात, सगळ्यांदेखत. नवसीने तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. मला तर श्वास घ्यायचीही भीती वाटली. जन्मात प्रथमच मला गुंडाळून घ्यावेसे वाटले नाही.

त्या हाताखालून मला ओढून घ्यायचे कसे? हेमचंद्र रिकाम्या हाताने परतले. तेव्हापासून मी गोमाच्या घरी असतो आणि खेळायला मांजर्लीचे तिघे इकडे येतात. इथे चुलीचा धूर लागतो, शेळी एकदा राखेची वेस चाटून गेली. पण तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना नकाशा असेल. त्याची घडी घालू नका, घडीवर तो फाटतो. ओल लागू देऊ नका. त्यात काही बदलायचे असेल तर एक रेघ मारा, खालचे नाव वाचता येऊ द्या. आणि निळा रंग हाती घेतलात, तर आधी तिथल्या माणसांना विचारा.

माझ्या तक्त्यात आता दोनच ओळींची जागा होती, तीही भरली. एक त्याच दुपारची, नवसीच्या हातची: ‘फेरबदल एकतीस. राजा झोपला.’ तिच्याखाली पुढच्या रविवारी मालिनीकाकूंनी सही केली आहे: ‘फेरबदल बत्तीस. ऊन पडले. पापड वाळत घातले.’