सव्वा तासाची नळी

"हा रिपोर्ट मी सोडणार नाही," म्हणत बर्फवाल्या बाईंनी नवे हातमोजे चढवले.

लॅबचे साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे. "बाई, सहा पूर्णांक दोन आलंय. मशीन काय खोटं बोलणार आहे?"

"मशीनला जे पाजाल तेच ते सांगणार. आज सिस्टरनं रक्त काढलंय आठला, माझ्या हातात आलंय सव्वानऊला. लिफ्ट बंद होती म्हणे. तोवर नळी वर काउंटरवर, उबेत पडून. आकडा नळीतच वाढलाय, साहेब."

नळी चार नंबरच्या पेशंटची होती. हृदय थकलं, अंगाला रक्त पुरेनासं झालं की रक्तात लॅक्टेट साचतं. काल ते साडेचार होतं. आज वाढलं तर घरच्यांना बोलावून श्वासाचं मशीन काढण्याचं बोलू, असं वरच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. साडेदहाची वेळही दिली होती.

लॅक्टेटची नळी बर्फातूनच आणायची, हा बाईंचा हेका. बर्फाचा डबा कायम खांद्याला, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना बर्फवाल्या बाई म्हणायचं. "सरबत आहे का?" असं कुणी चिडवलं तर "आधी दंड पुढे करा," म्हणायच्या.

बारा वर्षांपूर्वी अशीच उशिरा आलेली नळी त्यांनी मुकाट्यानं मशीनला लावली होती. आकडा मोठा आला, संध्याकाळी त्या माणसाचं श्वासाचं मशीन बंद झालं. कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तो तसाही गेला असता, कदाचित. त्या कदाचितनं बाईंना बारा वर्षं छळलं होतं.

त्या चार जिने चढून गेल्या. गुडघे कुरकुरत होते, पण आज त्यांचं ऐकायला बाईंना सवड नव्हती. वर बाकावर पेशंटची बायको मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

"आज कसं आहे हो रक्त?" तिनं रोजच्यासारखं विचारलं.

"डॉक्टर सांगतील, ताई." बाईंचंही रोजचंच उत्तर. ते देताना त्यांना रोज स्वतःचा राग यायचा.

आत डॉक्टर वैतागले. "पुन्हा कशाला टोचताय त्यांना? साडेदहाला बोलावलंय मी घरच्यांना."

"अकराला बोला. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. चुकीच्या आकड्यानं बिघडेल."

डॉक्टर बाजूला झाले. बाईंनी रक्त काढलं, नळी बर्फात खोचली आणि कठड्याला धरून त्या खाली आल्या. मशीननं आकडा दिला तेव्हा साहेब शेजारीच उभे होते. चार पूर्णांक तीन. त्यांनीच वर फोन लावून बाईंच्या हातात दिला.

"म्हणजे उतरलंय," डॉक्टर म्हणाले.

"थोडंसंच."

"ठीक आहे. थांबू मग."

पुढचे आठ दिवस चार नंबरचं रक्त बाईंनी स्वतः जाऊन आणलं. नवव्या दिवशी यादीत चार नंबर नव्हता. का नाही, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

दुपारी लॅबच्या खिडकीशी पेशंटची बायको उभी राहिली. आज फाइल नव्हती.

"काल रात्री गेले," ती म्हणाली. "पण मधले चार दिवस शुद्धीत होते. घशातली नळी काढली होती. धाकटी लेक आली, तिच्याशी बोलले. चार वर्षं अबोला होता दोघांचा."

बाईंनी खांद्यावरचा डबा खाली ठेवला.

"तुम्ही मला कधी काही सांगितलं नाहीत. म्हटलं, आपणच सांगून यावं."

बाईंनी हातमोजे उतरवले आणि खिडकीतून तिचा हात हातात घेतला.

"किती गार हात आहेत हो तुमचे."

"बर्फानं," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही.